कॅनडातल्या मॅनिटोबात स्प्रिंग बेअर कॅम्प (वसंतातली अस्वलाची शिकार), रिकर्व्ह धनुष्य घेऊन जायचा विचार आहे, कोणी गेलंय का?

कराडकर_मिनियापोलिस

राम राम मंडळी. इथे शिकारीवरचे धागे फार कमी असतात माहितीये, आणि अर्ध्या लोकांना विषयच पटणार नाही हेही माहितीये, तरी विचारतो, कारण इंग्रजी ग्रुपवर विचारलं की दहा जण दहा ब्रँड सांगतात आणि कामाचं कोणीच बोलत नाही.

तर मी मिनेसोटात आहे आठ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी क्लबात रिकर्व्ह धरला, आधी नेमाची साइट, पूर्ण खेचलं की टक् वाजणारा क्लिकर, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर सगळं लावून ऑलिम्पिक स्टाइल, मग दोन वर्षांपूर्वी ते सगळं उतरवलं आणि नुसता लाकडी टेकडाउन (सुटा होणारा) रिकर्व्ह, ५० पाउंड खेचीचा, ६० इंची. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय, गेल्या फॉलला एक व्हाइटटेल हरिण मिळालं, १४ यार्डावर (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी). आमच्याकडे अस्वलाचा सीझन १ सप्टेंबरला सुरू होतो, स्प्रिंगला नसतो, आणि बहुतेक भागात त्यासाठी लॉटरी. म्हणून उत्तरेला मॅनिटोबा. तिथे परदेशी माणसाला अस्वलासाठी आउटफिटरकडूनच (शिकारीचा कॅम्प चालवणाऱ्याकडूनच) जावं लागतं, स्वतःचं स्वतः जाता येत नाही. डक माउंटनच्या बाजूच्या एका कॅम्पने ३,२०० डॉलर सांगितलेत, सहा दिवस, राहणं खाणं धरून, अर्धे आत्ता भरायचे. जूनचा पहिला आठवडा.

क्लबातले म्हणतात ५० पाउंड भरपूर झाले, कॅम्पवाला म्हणतो आमच्याकडे बहुतेक लोक कंपाउंड (चाकांचं धनुष्य) नाहीतर क्रॉसबो आणतात, ट्रॅडवाले, म्हणजे साध्या धनुष्याचे, वर्षात एखाददुसरे, पण काळजी नको, आमिषाचं बॅरल १५ यार्डावर असतं, एवढ्या जवळून चुकणार कसं. आता हे "चुकणार कसं" ऐकूनच मला घाम फुटलाय. मचाणावर बसून कधी मारलं नाहीये, हरिण मिळालं तेव्हा जमिनीवरच होतो, ब्लाइंडमध्ये (लपायच्या आडोशात). बायकोला फक्त "कॅनडात कॅम्पिंग" एवढंच सांगितलंय अजून.

पैसे भरू का? आणि भरले तर आत्ता फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत नक्की काय करू?


नुसताच_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वहिनींना हा धागा कोणी पाठवणार नाही अशी आशा करू. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


एकलव्य_फलटण

शिकारीतलं मला शून्य कळतं, इकडे १९७२ चा कायदा झाल्यापासून तो विषयच संपला, पण बाण मारण्याचं थोडं कळतं, पोरांना रिकर्व्ह शिकवतो. आमच्या सातारा जिल्ह्यात सध्या प्रत्येक पोराला धनुष्य पाहिजे, प्रवीण जाधव ऑलिम्पिकला गेला तेव्हापासून आणि २०२३ ला अदिती स्वामी बर्लिनमध्ये कंपाउंडची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून तर आईबापच धरून आणतात. असो.

तुम्ही क्लिकरवरून आलाय ही गोष्ट मला खटकली. क्लिकरवाल्याचं डोकं "टक्" आवाजाची वाट बघायला शिकलेलं असतं, आवाज आला की बोटं आपोआप सुटतात. क्लिकर काढला की दोन गोष्टी होतात, एकतर माणूस पूर्ण खेचायच्या आधीच सोडतो नाहीतर निशाण्यावर टेकलं की हात गोठतो. लक्ष्य जिवंत असेल तर हे दुप्पट होणार हे सांगायला शिकारी असायची गरज नाही. तुम्ही आता अँकर, म्हणजे खेचलेला हात चेहऱ्यावर टेकवायची जागा, कुठे धरता? ऑलिम्पिकवाले हनुवटीखाली धरतात, त्यात बाण डोळ्यापासून लांब राहतो आणि जवळच्या अंतरावर नेम धरायला तो फार खाली वाटतो. ओठाच्या कोपऱ्यात आणा, तिन्ही बोटं बाणाच्या खाली ठेवून बघा. आणि कृपा करून रोज शंभर बाण मारू नका. रोज पहिला बाण मोजा फक्त. सकाळी उठून, हात गरम न करता, थंडीत, एकच बाण. वहीत लिहा कुठे लागला. तुमचं खरं अंतर तेच, पन्नासाव्या बाणाचं नाही.


मचाणवाले_काका

फलटणवाल्यांनी अर्ध काम करून टाकलं, एकच बाण वालं तर फ्रेम करून लावा लेका.

मी कॅनडात एडमंटनला असतो, मूळचा अकोटचा, अल्बर्टात १९ वर्षं अस्वलामागे जातोय, त्यातली शेवटची १३ फक्त लाँगबोने (साधं लांब धनुष्य). इथे रहिवाशाला गाईड लागत नाही, तरी दोनदा कॅम्पमध्ये गेलो आहे, एकदा चांगला अनुभव एकदा वाईट. वाईट आधी सांगतो कारण तुमच्या कॅम्पवाल्याचं "चुकणार कसं" हे वाक्य मी शब्दाशब्दाने ऐकलेलं आहे.

२०११ चा मे. कंपाउंड सोडून पहिलंच वर्ष, ५५ पाउंडचा लाँगबो, दिवाणखान्यात आरशासमोर उभा राहून स्वतःवरच खुश. कॅम्पने जे मचाण दिलं ते २० फूट वर, बॅरल १२ यार्डावर. त्यांना वाटतं वर बसवलं की वास कमी जातो, माणूस दिसत नाही, बरोबर आहे, बंदूकवाल्याला काही फरक पडत नाही. पण गणित करून पाहा, २० फुटांवर बसलेला माणूस १२ यार्डावर खाली जवळपास ३० अंशात मारतो. तेच १२ फूट उंची आणि १५ यार्ड अंतर ठेवलं तर १५ अंश. ३० अंशात वरून बाण गेला की पाठीजवळून शिरतो आणि एकच फुप्फुस घेतो, दुसरं राहून जातं, आणि एका फुप्फुसावर अस्वल किती लांब जाऊ शकतं ते मी त्या रात्री शिकलो. रात्री साडेनऊला बाण सोडला, सगळं बरोबर वाटलं, पिसं कुठे लागली तेही दिसलं. अर्धा तास थांबलो. खाली उतरलो तर रक्ताचे चार थेंब. मग काहीच नाही. अस्वलाला लांब केस आणि खाली चरबी, चरबीने भोक बुजतं आणि जे काही बाहेर येतं ते केस पिऊन टाकतात, आणि माझा बाण आरपार नव्हता गेला, म्हणजे खालच्या बाजूला भोकच नाही. रात्री पाऊस. दोन दिवस चार माणसं शोधत होतो, मस्केगमध्ये, म्हणजे दलदलीत, गुडघ्याएवढ्या पाण्यात. नाही सापडलं. गाईड म्हणाला होतं असं कधी कधी, चल जेवायला. माझा टॅग (एका अस्वलाचा परवाना) तिथे संपला, रक्त दिसलं की टॅग संपला हा बहुतेक कॅम्पचा नियम असतो आणि बरोबरच आहे तो. जेवण गेलं नाही हे सांगायला नको.

त्यानंतर एक पूर्ण वर्ष गराजच्या छपरावर प्लास्टिकची खुर्ची टाकून खाली मारत होतो, शेजारचा गोरा म्हातारा रोज बिअर घेऊन बघायला यायचा.

तर तुमचे प्रश्न. ५० पाउंड पुरे. पण ५० पाउंड कुठे? धनुष्यावर लिहिलेलं वजन २८ इंच खेचल्यावरचं असतं. तुम्ही २६ खेचत असाल तर ४५ च्या आसपास आलात. वजनकाटा लावून मोजा. बाण जड करा, दर पाउंडाला १० ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) धरून चाला, म्हणजे ५०० च्या वरचा बाण, पुढे जड, दोन पात्यांचं ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं टोक), हातावरचे केस निघतील एवढी धार. उघडणारी मेकॅनिकल पाती ट्रॅडवर नकोच, ती उघडण्यातच आपली ताकद खर्च होते. आपल्याला वेगाने काही मिळत नाही, आपला बाण १७०-१८० फूट सेकंदाला जातो, कंपाउंडचा ३०० ला. आपल्याला फक्त आरपार पाहिजे, खाली भोक पाहिजे.

आणि कॅम्पला फोन करून आजच्या आज विचारा, ट्रॅडसाठी वेगळं मचाण लावाल का, १२ फूट, १५ यार्ड, आणि अस्वल आडवं उभं राहील असं बॅरल लावाल का. बॅरलच्या तोंडाची दिशा आणि मागची दोन आडवी लाकडं एवढ्यावर ठरतं अस्वल कसं उभं राहणार. चांगला आउटफिटर पाच मिनिटं याच्यावर बोलेल. "चुकणार कसं" परत म्हणाला तर पैसे भरू नका.


रानवाटा

विषय आवडणार नाही म्हणालात ते बरोबर ओळखलंत. मी अमरावतीचा, मेळघाटात जातो अधूनमधून प्राणीगणनेला. आमच्याकडचं अस्वल बघून लोक झाडावर चढतात आणि मग कळतं तेही चढतं. दरवर्षी मोहाच्या दिवसांत कोणी ना कोणी टाके घालून घेतं. तरी त्याला मारायचा विचार कोणाच्या मनात येत नाही, कायद्याची भीती सोडा.

माझा प्रश्न साधा आहे. बॅरलमध्ये शिळे डोनट, पॉपकॉर्न, तळणीचं तेल टाकायचं, महिनाभर अस्वलाला सवय लावायची आणि मग वरून बाण मारायचा, याला पारंपरिक का म्हणता? नुसतं लाकडी धनुष्य घेतलं की परंपरा होते का? आणि स्प्रिंगलाच का, तेव्हा माद्यांबरोबर पिल्लं असतात ना?


मचाणवाले_काका

@रानवाटा, रागावून नाही सांगत, प्रश्न बरोबर आहे. मीही विचारले आहेत स्वतःला.

पिल्लांचं आधी. जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत जन्मतात, मेमध्ये मांजरापेक्षा थोडी मोठी. पिल्लांसोबतची मादी मारायला बंदी. पण कायद्याने सगळं होत नाही, कारण मादी हुशार असते, पिल्लांना शंभर यार्डावर झाडावर चढवते आणि बॅरलवर एकटीच येते. एकटं अस्वल दिसलं आणि पाच मिनिटांत बाण सोडला की तुम्हाला कळणारच नाही. ऑन्टारिओने १९९९ ला स्प्रिंगची शिकार बंद केली ती अनाथ पिल्लांच्याच मुद्द्यावर, मग २०१४ ला काही भागात प्रयोग म्हणून परत, २०२१ पासून कायमची. म्हणजे वाद तिथल्या लोकांतही आहेच. ब्रिटिश कोलंबियात तर अस्वलाला आमिष लावायलाच बंदी, तिथे डोंगरउतारावर गवत खाणारं अस्वल दुर्बिणीने शोधून चालत जातात. ग्रिझलीची (मोठ्या तपकिरी अस्वलाची) शिकार तर त्यांनी २०१७ ला बंद केली.

पण माझ्या उत्तर अल्बर्टाच्या जंगलात १५ यार्डापलीकडे दिसत नाही. चालत गेलो तर शेवाळात माझा पाय फसेपर्यंत अस्वल दोन मैल गेलेलं. आमिषावर ते अर्धा तास समोर असतं. नर की मादी, दूध आहे का पोटाखाली, मागे झाडीत कोणी कुईकुई करतंय का, हे बघायला वेळ मिळतो. मी १९ वर्षांत नऊ मारली, आणि न मारता बघितलेली दीडशेच्या वर असतील. तुम्हाला पटावं म्हणून नाही सांगत. डोनटवर मारणं बघायला बरं दिसत नाही हे मान्यच.

परंपरेचं म्हणाल तर इथली ट्रॅड शिकार म्हणजे इशी नावाच्या, याही जमातीतल्या एका माणसाची उधारी आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात एकटाच जंगलातून बाहेर आला, त्याचे सगळे लोक गोऱ्यांनी मारलेले किंवा उपासमारीने गेलेले, आणि त्याच्याकडून सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने धनुष्य शिकून घेतलं. इशी १९१६ ला टीबीने गेला. पोप आणि आर्थर यंगच्या नावाने १९६१ ला क्लब निघाला आणि आता लोक त्या क्लबच्या रेकॉर्डात नाव यावं म्हणून कवटी १८ इंच भरते का मोजत बसतात. तर परंपरा कोणाची हा प्रश्न खरंच विचारू नका, उत्तर कोणालाच आवडत नाही.


रानवाटा

इशीचं माहीत नव्हतं. बाकी मला पटलेलं नाही, पण सरळ उत्तर दिलंत. नंदुरबारकडे मी भिल्लांचा कामठा बघितलाय, दोरीसुद्धा बांबूच्या चोयीची. त्या म्हाताऱ्याला विचारलं किती लांबून मारायचात, तो हसला आणि दोन हात पसरून म्हणाला, एवढ्यावरून. ते आठवलं.


सुगरण_सास्काटून

तुमच्या बाणाबिणातलं मला काही कळत नाही पण मटणाचं सांगायला हवं कारण पुरुष मंडळी हे विसरतात. आमच्या शेजारी शिकारी आहेत, दर जूनला अर्धी मांडी आणून देतात. पहिल्यांदा आणली तेव्हा सासूबाई आल्या होत्या कोल्हापूरहून, त्यांना मी बीफ नाही एवढंच सांगितलं, बाकी त्यांनी विचारलं नाही. झणझणीत रस्सा केला, दोन वेळा वाढून घेतला त्यांनी.

अस्वलाच्या मटणात ट्रिकिनेला नावाची अळी असू शकते, आणि उत्तरेकडची जी जात आहे ती फ्रीझरला दाद देत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून अळी मारायचा डुकराच्या मटणाचा नियम इथे चालत नाही. २०२२ मध्ये आमच्याच सास्काचेवानातलं अस्वल साउथ डकोटात एका घरच्या कार्यक्रमाला कबाब करून खाल्लं, ४५ दिवस फ्रीझरमध्ये होतं, सहा जण आजारी पडले, त्यातल्या दोघांनी मटणाला हातही लावला नव्हता, फक्त त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. मटणाचा रंग मुळातच गडद असतो म्हणून शिजलंय का कच्चं आहे ते बघून कळत नाही. आत ७४ डिग्री व्हायलाच पाहिजे, थर्मामीटर घाला. किंवा सरळ आपला कुकर काढा, बारीक तुकडे, पाच-सहा शिट्ट्या, मग काही प्रश्नच नाही. कबाब, तवा फ्राय, मिडियम रेअर ही नाटकं नकोत. कच्चं मटण कापलेली सुरी आणि फळी कोशिंबिरीला वापरू नका हेही सांगते.

आणि जूनमध्ये वीस डिग्री असते, अस्वलाचं कातडं म्हणजे गोधडी. लवकर सोललं नाही तर आतलं हाडाजवळचं मटण वास मारतं. कॅम्पमध्ये कूलर आहे का विचारा, काही ठिकाणी नुसतं कातडं काढून देतात आणि मटणाचं काय करायचं ते तुम्ही बघा म्हणतात.


कराडकर_मिनियापोलिस

एवढे सविस्तर प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, रानवाटांचेही.

काका, काटा लावून मोजलं. माझी खेच २६.५ निघाली, म्हणजे ४६ पाउंड. आणि मी दोन वर्षं सगळ्यांना ५० सांगत फिरतोय. बाण ४२० ग्रेनचे होते, नवीन ५३० चे बनवले, पुढे जड. क्लिकरवाला मुद्दा तर थेट वर्मी लागला, व्हिडिओ काढून बघितला तर दहातले चार बाण मी पूर्ण खेचायच्या आधी सोडतोय. पहिल्या बाणाची वही सुरू केलीये, नऊ दिवसांत पाच बाण पेपर प्लेटमध्ये १५ यार्डावर. पाचच. १२ वर केलं तर आठ.

कॅम्पला फोन केला. बाई होत्या, मालकाची बायको. त्या म्हणाल्या उंचीचं कोणी विचारत नाही सहसा, आमच्याकडे एक मचाण आहे ११ फुटी, तिथे मोठा नर येत नाही फार, पण तुम्हाला तेच देऊ. बॅरल फिरवून ठेवायलाही तयार. मी पैसे भरले. बायकोलाही सांगितलं, ती म्हणाली मटण घरात आणणार असशील तर कुकर वेगळा घे.

व्हिसाचं कोणाला माहितीये का, मी एच-१बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) वर आहे आणि पासपोर्टवरचा त्याचा स्टॅम्प एक्स्पायर झालाय.


नुसताच_वाचक

शेवटी आम्हा गरिबांच्या विषयाला आलात. इंडियन पासपोर्ट आणि एच-१बी म्हणजे कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागणार, ग्रीन कार्ड असतं तर लागला नसता. आत्ताच अप्लाय करा, जूनपर्यंत वेळ आहे म्हणून बसू नका. परत येताना स्टॅम्प संपलेला चालतो जर ३० दिवसांच्या आत फक्त कॅनडाला जाऊन येत असाल आणि आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) चालू असेल तर, मात्र कॅनडात बसून अमेरिकेच्या स्टॅम्पसाठी अर्ज केलात तर ही सवलत जाते. धनुष्याला बॉर्डरवर बंदुकीसारखे कागद लागत नाहीत, बंदूकवाल्यांना फॉर्म आणि फी असते. मी पेम्बिनाच्या बॉर्डरवरून दहा वेळा गेलोय, मासे पकडायला.


मचाणवाले_काका

४६ पाउंड आणि ५३० ग्रेन, चांगलं आहे, काही टेन्शन नोको. १२ यार्डावर आठ म्हणजे तुमचं अंतर १२ यार्ड. कॅम्पमध्ये दुसरा माणूस १८ वरून मारेल आणि फोटो काढेल, तुम्ही १२ च्या पुढचं सोडून द्यायचं. आणि आता उभं राहून मारणं बंद, बसून मारा, वरून मारा, जाळीची टोपी घालून मारा. टोपीची जाळी दोरीत अडकते, तीन बोटं खाली असतील तर गालाजवळ हमखास. जाळीला तोंडाजवळ कापून भोक करा किंवा चेहऱ्याला काळं फासा. डास असे असतात की काय सांगू, काळी माशी तर कानामागे रक्त काढते. डीट (डास पळवायचं औषध) हाताला लावून धनुष्याला हात लावू नका, वॉर्निश विरघळतं, माझ्या लाँगबोवर चार बोटांचे ठसे कायमचे आहेत. थर्मासेल (डास पळवायचं यंत्र) लावा पायाशी.

नेम कुठे. हरणासारखं खांद्याच्या मागे चिकटून नाही. अस्वलाचा खांदा म्हणजे हाड आणि स्नायूंची भिंत. पोटाखाली जे काळं लोंबतंय त्यातले तीन-चार इंच नुसते केस असतात, शरीर वर संपलेलं असतं, म्हणून लोक खाली मारतात. आडवं उभं असेल, तुमच्याकडचा पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तर बरोबर मध्याच्या मध्यावर, किंचित पुढे. थोडं पाठमोरं तिरकं असेल तर सगळ्यात उत्तम. समोरासमोर तोंड असेल तर कधीच नाही, कितीही जवळ असो. आणि काळ्या अंगावर काळाच ठिपका शोधायचा असतो, हरणासारखा रंग बदलत नाही, म्हणून घरी काळं कापड टांगून त्याच्यावर सराव करा, टार्गेटवरचे गोल काढून टाका.

मोठं की छोटं ते बॅरलवरून. ५५ गॅलनचं बॅरल साधारण ३५ इंच उंच, त्याला दोन कडी असतात. पाठ खालच्या कड्यापाशी असेल तर पोट्टं आहे, जाऊ द्या. वरच्या कड्याला लागली तर हात थरथरणारच आहेत. कान मोठे उभे सशासारखे दिसले तर लहान, कान बाजूला पडलेले छोटे दिसले तर मोठं. तिथे डक माउंटनकडे तांबडी, चॉकलेटी, क्वचित भुरकी पण दिसतात, तीही सगळी काळी अस्वलंच, जात तीच.

बाण लागल्यावर बहुतेक वेळा अस्वल शंभर यार्डाच्या आत पडतं आणि पडल्यावर एक लांब विव्हळल्यासारखा आवाज करतं. तो आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर मी मचाणावर पंधरा मिनिटं नुसता बसून होतो. तुम्ही तयार राहा एवढंच.

अवांतर: कातडं, नखं यातलं काहीही भारतात घेऊन जायचं डोक्यात आणू नका, आणि पित्ताशय तर विकायचं सोडाच. फार वाईट फसाल.


एकलव्य_फलटण

काळ्या कापडाची आयडिया मी पोरांवर वापरणार. कराडकर, जूनला जाऊन आलात की वहीचा फोटो टाका.


कराडकर_मिनियापोलिस

मंडळी, परत आलो काल. धागा वर काढतो.

आधी वही. मे महिन्यात ३१ पैकी २७, १२ यार्डावर, शिडीवर बसून. व्हिसा झाला पाचव्या आठवड्यात.

मचाण खरंच ११ फुटी. पहिल्या दिवशी काहीच नाही, खारी, आणि एक मार्टेन (मुंगसासारखा प्राणी) बॅरलमध्ये शिरून बसलेला. दुसऱ्या दिवशी सात वाजता मादी आली, एकटी. मोठी वाटली, पाठ दोन्ही कड्यांच्या मधोमध, आडवी उभी राहिली, पाय पुढे, काका म्हणाले तसंच सगळं, आणि माझी बोटं दोरीवर होती. वीस मिनिटं झाली असतील. मग मागच्या स्प्रूसमधून लहान मुलाने नाक ओढावं तसा आवाज आला आणि एकामागे एक तीन गोळे खाली घसरले. तीन. माझ्या अंगाला जे कापरं भरलं ते अंधार पडेपर्यंत गेलं नाही. त्यानंतर ती रोजच आली, एकदा एक पिल्लू माझ्या शिडीच्या दोन पायऱ्या चढलं, मी बुटाने पत्रा वाजवला तेव्हा उतरलं, आई नुसती मान वर करून बघत होती. ती पाच मिनिटं मी देवाचं नाव घेत होतो हे खरं सांगतो.

शेवटच्या संध्याकाळी, साडेनऊ वाजून गेलेले तरी उजेड होता, तांबडा नर आला. तो दिसल्याबरोबर मादी पिल्लांना घेऊन गायब. मान नाहीच, डोकं सरळ खांद्यात. बॅरलपाशी बसला, माझ्याकडे तोंड करून, आणि ओट्स खात राहिला. पंचवीस मिनिटं. एकदाही आडवा झाला नाही. मग उठला, वळला, तेवढ्यात मी खेचायला घेतलं, अर्धं खेचलं असेल, तोवर तो झाडीत. बाण सुटला नाही. क्लिकरच्या दिवसांत सुटला असता.

गाईड न्यायला आला, त्याने विचारलं काय झालं, मी सांगितलं, तो म्हणाला तुझ्या जागी क्रॉसबोवाला असता तर समोरूनच मारला असता, आणि ते बोलून गप्प बसला. कॅम्पमधल्या बाकी चौघांना मिळाली.


मचाणवाले_काका

पंचवीस मिनिटं समोर बसला आणि बाण भात्यात घेऊन आलात. फोन करा मला रविवारी, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.


सुगरण_सास्काटून

अहो मग तो नवीन कुकर?


कराडकर_मिनियापोलिस

ताई, कॅम्पच्या तळ्यात पिकरेल मिळाले सहा, आम्ही मिनेसोटावाले त्याला वॉलाय म्हणतो. मसाला सोबत नेलाच होता, कॅम्पच्या बाईंनी तवा दिला. कुकर डाळीला वापरतोय. पुढच्या जूनचे अर्धे पैसे भरून आलोय, तेच ११ फुटी मचाण, हे मात्र बायकोला अजून सांगितलेलं नाही.